पॉल जॉर्जचे दोन सौदे आणि ओक्लाहोमा सिटीचं विजेतेपद

२२ जून २०२५ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीचा सातवा सामना झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. ओक्लाहोमा सिटी थंडरने इंडियाना पेसर्सला १०३-९१ असं हरवलं आणि या शहराला पहिलं विजेतेपद मिळालं. दोन्ही संघांत पॉल जॉर्ज नावाचा खेळाडू नव्हता. तो त्या हंगामात फिलाडेल्फियाकडे होता, दुखापतींमुळे जेमतेम निम्मे सामने खेळला होता, आणि त्याचा संघ ८२ पैकी ५८ सामने हरून केव्हाच घरी बसला होता.

तरीही ती अंतिम फेरी बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच उभी राहिली. इंडियानाने २०१७ मध्ये त्याला थंडरला दिलं आणि थंडरने २०१९ मध्ये त्याला लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिलं. पहिल्या सौद्याच्या साखळीतून इंडियानाला टायरीस हॅलिबर्टन मिळाला. दुसऱ्यातून थंडरला शे गिल्जस-अलेक्झांडर आणि जेलन विल्यम्स मिळाले. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन्ही संघांचे मुख्य खेळाडू एकाच माणसाला सोडून देण्यातून आले, हे एनबीएच्या इतिहासातही विरळाच.

हे प्रकरण मी निवडलं त्याचं कारण एक जुना वाद. विजेता संघ ड्राफ्टमधून घडवावा की ट्रेड करून? एक बाजू म्हणते, तरुण पोरं निवडा, वाढवा, धीर धरा. दुसरी म्हणते, तयार खेळाडू आणा, कारण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरावर नोकरी पणाला लावणं मूर्खपणा आहे. थंडरने दोन्ही करून पाहिलं, दोन्हींत मार खाल्ला, आणि तिसऱ्या खेपेला जे साधलं ते या दोन्ही खान्यांत बसत नाही. माझ्या मते खेळाडू आणायचा कुठून याच्या आधीचा प्रश्न आहे तो हातातला खेळाडू कधी आणि कोणाला द्यायचा, हा. थंडर २०२५ मध्ये जिंकले ते त्या प्रश्नाच्या उत्तरावर.

आयपीएलच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. एनबीएमध्ये लिलाव नसतो. दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो: दोन फेऱ्या, आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला मुळात प्रत्येक फेरीत एक निवड, म्हणजे पिक. जो संघ जास्त हरतो त्याचा नंबर वर लागतो, पण अगदी वरचे चार नंबर लॉटरीने ठरतात, म्हणजे मुद्दाम हरणाऱ्याला खात्री मिळू नये. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो आणि संघाला त्याला त्या स्वस्त पगारात चार वर्षं ठेवता येतं. ट्रेडमध्ये खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो, तसेच पुढच्या वर्षांचे पिकही देता येतात. शिवाय सगळ्यांच्या डोक्यावर पगाराची मर्यादा आहे. ती ठरावीक पातळीपलीकडे ओलांडली तर आधी दंड, आणि फारच ओलांडली तर ट्रेड करण्याच्या वाटाही अरुंद होतात.

पहिला संघ: ड्राफ्टने दिलेला आणि हातून निसटलेला

सॅम प्रेस्टी २००७ मध्ये महाव्यवस्थापक झाले तेव्हा हा संघ सिएटलमध्ये होता. वर्षभराने तो ओक्लाहोमा सिटीला आला. प्रेस्टी सॅन अँटोनिओच्या संघात तयार झालेले. त्यांनी २००७ ला केव्हिन ड्युरंट, २००८ ला रसेल वेस्टब्रुक आणि सर्ज इबाका, २००९ ला जेम्स हार्डन निवडले. लागोपाठ तीन वर्षांत निवडलेल्या तीन खेळाडूंनी पुढे एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, पुरस्कार मिळवला. ड्राफ्टवर श्रद्धा असणाऱ्यांना याहून मोठं उदाहरण सापडणार नाही. २०१२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोहोचला तेव्हा ड्युरंट आणि वेस्टब्रुक २३ वर्षांचे होते, हार्डन २२ चा. मायामीने त्यांना ४-१ ने हरवलं, पण कुणाला फार वाईट वाटलं नाही. पुढची दहा वर्षं हेच येणार, असंच सगळे धरून चालले होते.

ते पुन्हा कधीच आले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हंगाम सुरू व्हायला काही दिवस असताना, हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. त्याला हवा होता कमाल करार, म्हणजे नियमांत बसणारा सर्वांत मोठा: चार वर्षांचे सुमारे सहा कोटी डॉलर. थंडर त्याहून काही लाखांनी कमी देत होते. लहान बाजारपेठ, डोक्यावर दंडाची टांगती तलवार, आणि दोन मोठे करार आधीच झालेले. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि काही पिक आले. त्यातल्या एका पिकमधून स्टीव्हन ॲडम्स मिळाला, चांगला, कष्टाळू सेंटर. पण हार्डनच्या जागी हार्डन मिळाला नाही.

पुढे २०१६ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन हा संघ हरला, आणि ४ जुलैला ड्युरंटने जाहीर केलं की तो त्याच गोल्डन स्टेटकडे जातोय. करार संपला होता, त्यामुळे थंडरला त्याच्या बदल्यात काहीही मिळालं नाही. एक पिकसुद्धा नाही.

या पहिल्या संघात निवडीची चूक कुठेच नव्हती. खेळाडू अचूक निवडले, वाढवले, जिंकायला शिकवले. फसलं ते पुढे. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू स्वस्त असतो तो चार वर्षं, आणि थंडरचे तिघे एकामागोमाग आले म्हणून महागही एकामागोमाग झाले. एकाला पैशांसाठी घाईत सोडलं, दुसऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवलं. दोन्ही वेळा वेळ चुकली.

२०१७ आणि २०१९

ड्युरंटनंतर थंडरने दुसरी वाट धरली. जून २०१६ मध्ये इबाकाला ऑरलँडोला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि ताजा ड्राफ्ट झालेला डोमँटस सबोनिस मिळवले होते. वर्षभराने हेच दोघे इंडियानाला देऊन पॉल जॉर्जला आणलं. जॉर्जने इंडियानाला कळवलं होतं की करार संपला की मी थांबणार नाही, म्हणून इंडियानाला घाई होती. तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी इंडियानाला वेड्यात काढलं. एवढा मोठा खेळाडू आणि बदल्यात हे दोघे? त्या हेटाळणीचं काय झालं ते पुढे येईलच.

थंडरला जॉर्जकडून दोन हंगाम मिळाले. दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत संघ बाहेर पडला. एप्रिल २०१९ मध्ये पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने सुमारे ३७ फुटांवरून, जॉर्जच्याच हातावरून, शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि मालिका संपली. तयार खेळाडू आणून जिंकण्याचा प्रयोगही तिथेच संपला. पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, आणि सगळं पुढचं त्यावर उभं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात जॉर्जने ओक्लाहोमा सोडलं नाही. चार वर्षांचा १३.७ कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे २०१९ मध्ये त्याने जायचं म्हटलं तेव्हा कागद थंडरच्या हातात होता.

५ जुलै २०१९ ची रात्र. लास वेगासमध्ये उन्हाळी लीग चालू होती. कॅलिफोर्नियातल्या भूकंपाचे धक्के तिथे जाणवले आणि झायन विल्यमसनचा पदार्पणाचा सामना मध्येच थांबवावा लागला. त्यानंतर काही तासांतच बातमी आली: टोरंटोला नुकतंच विजेतेपद मिळवून देणारा कवाय लेनर्ड क्लिपर्सकडे जातोय, आणि जॉर्जही तिकडेच. लेनर्डला सोबत जॉर्ज हवा होता. जॉर्ज मिळाला नाही तर लेनर्डही हातचा जाणार, आणि शहरातले शेजारी लेकर्स त्याची वाटच पाहत होते. म्हणजे क्लिपर्स एका नव्हे, दोन खेळाडूंची किंमत मोजत होते, आणि समोर बसलेल्या प्रेस्टींना ते ठाऊक होतं.

किंमत अशी ठरली: गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक (तीन क्लिपर्सचे, दोन मायामीचे) आणि शिवाय २०२३ व २०२५ मध्ये पिकची अदलाबदल करण्याचा हक्क. लगोलग वेस्टब्रुकलाही ह्यूस्टनला दिलं. बदल्यात ख्रिस पॉल आणि आणखी पिक.

गिल्जस-अलेक्झांडर तेव्हा २० वर्षांचा होता, एकच हंगाम खेळलेला, सामन्याला सरासरी १०.८ गुण. त्याला थंडरने शोधलं नव्हतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो अकराव्या क्रमांकावर गेला आणि त्याच रात्री शार्लटकडून क्लिपर्सनी त्याला मिळवला. त्या ड्राफ्टमधली पारख पूर्णपणे क्लिपर्सची. हे मी मुद्दाम सांगतो, कारण थंडरच्या यशाचं श्रेय सरसकट ‘उत्तम ड्राफ्टिंग’ला दिलं जातं. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू दुसऱ्याने पारखला आणि दुसऱ्यानेच घाईत सोडला.

आता पिकांबद्दल. दुसऱ्या संघाचा विनाअट पिक म्हणजे पुढच्या तारखेचा चेक, ज्यावर रक्कम लिहिलेली नसते; ती रक्कम त्या वर्षी तो संघ किती हरतो त्यावर भरली जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लिपर्सच्या चेकला कुणी किंमत देत नव्हतं. लेनर्ड आणि जॉर्ज असलेला संघ हरणार कधी? प्रेस्टींनी मात्र तारखा पाहिल्या. २०२२, २०२४, २०२६. तोवर लेनर्डचे गुडघे किती जुने झालेले असतील, हा त्यांचा खरा डाव होता.

हरण्याची दोन वर्षं

ख्रिस पॉल आणि गिल्जस-अलेक्झांडर असलेला २०१९-२० चा संघ सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बराच चांगला निघाला, प्लेऑफ्समध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, ह्यूस्टनला सात सामन्यांपर्यंत झुंजवलं. मग नोव्हेंबर २०२० मध्ये पॉलला फिनिक्सला दिलं, ॲडम्सला न्यू ऑर्लिन्सला दिलं आणि मार्क डेग्नॉल्ट नावाच्या पस्तिशीतल्या माणसाला मुख्य प्रशिक्षक केलं, जो तोवर बहुतेक काळ थंडरच्याच दुय्यम संघाला, ओक्लाहोमा सिटी ब्लूला, शिकवत होता.

पुढचे दोन हंगाम: २२ विजय ५० पराभव, मग २४ विजय ५८ पराभव. अल हॉरफोर्डसारख्या अनुभवी, तंदुरुस्त खेळाडूला मार्च २०२१ पासून उरलेला हंगाम बसवून ठेवलं, तरुणांना वेळ मिळावा म्हणून. २ डिसेंबर २०२१ ला मेंफिसने त्यांना १५२-७९ असं हरवलं, ७३ गुणांनी. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फरक. मेंफिसचा मुख्य खेळाडू जा मोरँट तर त्या रात्री खेळलाही नव्हता.

या भागाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे दाखवणं चांगलं नाही, आणि नियमांतली ही पळवाट लीगने आणखी आवळायला हवी. सुमारे सात लाख वस्तीच्या या शहरात दुसरा कुठलाच मोठा व्यावसायिक संघ नाही. लोक येत राहिले ते त्यामुळेही. पण थंडरवर निव्वळ हरून जिंकल्याचा आरोप होतो तो आकड्यांत टिकत नाही. त्या दोन वर्षांच्या पराभवांतून त्यांना स्वतःचे दोन वरचे पिक मिळाले. पहिल्या वर्षी लॉटरीने दगा दिला, सहावा क्रमांक आला आणि जॉश गिडी निवडला गेला. दुसऱ्या वर्षी लॉटरी पावली, दुसरा क्रमांक आला आणि चेट होल्मग्रेन मिळाला, तोही पायाच्या दुखापतीमुळे पहिला पूर्ण हंगाम खेळू शकला नाही. विजेत्या संघात त्या दोन वर्षांतल्या पराभवांचं पहिल्या फेरीतलं थेट फळ असा होल्मग्रेन हा एकच खेळाडू आहे.

मग या दोन वर्षांत थंडर नेमकं काय करत होते? त्यांच्याकडे पगाराच्या मर्यादेत जागा होती, आणि ती ते भाड्याने देत होते. ज्या संघाला एखादा नकोसा मोठा करार गळ्यातून काढायचा असेल त्याने तो थंडरकडे द्यावा, सोबत एक पिक द्यावा. हॉरफोर्ड फिलाडेल्फियाकडून आला तो असाच, पिक घेऊन. मग बॉस्टनने हॉरफोर्ड मागितला, तेव्हा केंबा वॉकरचा त्याहून मोठा करार अंगावर घेतला आणि २०२१ चा सोळावा पिक मिळवला.

इथे एक फसलेली साखळीही सांगितली पाहिजे. त्या सोळाव्या क्रमांकावर अल्पेरेन शेनगुन होता. थंडरने तो ह्यूस्टनला दिला आणि दोन भावी पिक घेतले. वर्षभराने तेच दोन पिक, वर आणखी एक घालून, न्यूयॉर्कला दिले आणि अकराव्या क्रमांकावर उस्मान जेंग घेतला. शेनगुन २०२५ मध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंतला एक, झाला. जेंग विजेत्या संघातही बाकावरच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गॉर्डन हेवर्डला आणलं, तो अनुभवी खेळाडू म्हणून. त्या प्लेऑफ्समध्ये त्याने एकही गुण केला नाही. प्रेस्टींच्या हातून अशा चुका झाल्या. फरक इतकाच की त्यांच्याकडे इतके पिक होते की दोन-तीन वाया जाऊनही संघ बुडाला नाही. ड्राफ्टमधली अचूकता कुणालाच दरवर्षी साधत नाही. म्हणून प्रेस्टींनी भर दिला तो संधींची संख्या वाढवण्यावर.

बारावा क्रमांक

या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती गोष्ट एप्रिल २०२२ मधल्या तीन दिवसांची आहे, आणि त्यात थंडर कुठेच नाहीत.

क्लिपर्सचा २०२२ चा पिक थंडरच्या मालकीचा होता. लेनर्डचा गुडघा जून २०२१ मध्ये, प्लेऑफ्स चालू असतानाच, दुखावला होता; तो पुढचा पूर्ण हंगाम खेळला नाही. जॉर्जच्या कोपराला दुखापत झाली आणि तो ३१ सामनेच खेळला. तरी क्लिपर्सनी झुंजून ४२ विजय मिळवले आणि ‘प्ले-इन’ गाठलं. प्लेऑफ्सच्या दारातल्या या लढतींत त्यांना दोन संधी होत्या. एक जिंकली असती तरी ते आत गेले असते. १२ एप्रिलला ते मिनेसोटाकडून १०९-१०४ हरले. १५ तारखेच्या दुसऱ्या सामन्याआधी जॉर्जला कोविडच्या नियमांमुळे बाहेर बसावं लागलं, आणि न्यू ऑर्लिन्सने तो सामना १०५-१०१ असा जिंकला.

प्लेऑफ्स हुकलेले संघच लॉटरीत जातात. चार-पाच गुणांच्या त्या दोन पराभवांनी क्लिपर्सचा पिक वर सरकला आणि बाराव्या क्रमांकावर येऊन थांबला. थंडरने तिथे सांता क्लारा विद्यापीठाचा जेलन विल्यम्स निवडला. स्टीव्ह नॅशचं हे विद्यापीठ, आणि १९९६ ला नॅश गेल्यानंतर तिथला एकही खेळाडू पहिल्या फेरीत निवडला गेला नव्हता. हंगामभर विल्यम्सचं नाव खूप खाली घेतलं जात होतं. शिकागोतल्या चाचण्यांनंतर ते झपाट्याने वर आलं. उंचीच्या मानाने त्याचे हात फार लांब, सव्वासात फुटांच्या आसपास. तीन वर्षांनी अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात याच विल्यम्सने ४० गुण केले. त्याच्या उजव्या मनगटाचा अस्थिबंध तेव्हा फाटलेला होता, हे सगळं संपल्यावर कळलं.

नशीब? हो, आहेच. क्लिपर्सनी एक सामना जिंकला असता तर तो पिक तीन-चार क्रमांक मागे गेला असता आणि विल्यम्स कदाचित दुसऱ्याच गणवेशात दिसला असता. पण त्या नशिबाच्या वाटेवर थंडर २०१९ पासून उभे होते. तिशीकडे झुकलेल्या, दुखापतींचा इतिहास असलेल्या दोन खेळाडूंवर उभा संघ तीन वर्षांनी खिळखिळा होणार, ही शक्यता चांगलीच मोठी होती. कोणत्या महिन्यात, कोणत्या सामन्यात ते होईल एवढंच कुणाला सांगता आलं नसतं.

आणि पैशांचं पाहा. २०२४-२५ च्या हंगामात ऑल-स्टार ठरलेल्या, सामन्याला २१.६ गुण करणाऱ्या विल्यम्सचा पगार सुमारे ४८ लाख डॉलर होता. होल्मग्रेनचा सुमारे १.१ कोटी. त्याच हंगामात जॉर्जचा फिलाडेल्फियातला पगार सुमारे ४.९ कोटी. जो गेला त्याच्या दहाव्या हिश्शात त्याच्या जागी आलेला खेळत होता. ही उरलेली रक्कम कुठे गेली? आयझाया हार्टेनस्टाइनकडे, ज्याला २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर देऊन थेट करारबद्ध केलं. थंडरकडे स्वतःहून येणारा मोठा खेळाडू हे दुर्मिळ दृश्य होतं. स्वस्त करारांनी ती जागा करून दिली नसती तर तो आलाच नसता.

गिडी देऊन करूसो

जून २०२४. थंडर ५७ सामने जिंकून पश्चिमेत पहिले आले होते आणि दुसऱ्या फेरीत डॅलसकडून हरले होते. त्या मालिकेत डॅलसने गिडीला नेमबाजीसाठी मोकळा सोडला, कारण लांबून तो फारसा मारत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे प्रेस्टींनी जे केलं त्याचं मला सर्वांत जास्त कौतुक आहे. पन्नास सामने हरून मिळवलेला, २१ वर्षांचा, अजून वाढीला जागा असलेला गिडी त्यांनी शिकागोला दिला आणि बदल्यात घेतला ३० वर्षांचा ॲलेक्स करूसो. सोबत एकही पिक मागितला नाही.

करूसो २०१६ मध्ये ड्राफ्टच झाला नव्हता. व्यावसायिक कारकीर्दीची सुरुवात त्याने ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये केली होती. १८ मे २०२५ ला डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात डेग्नॉल्टनी त्याला डेन्व्हरच्या निकोला योकिचवर लावलं. योकिच त्याच्यापेक्षा सहा इंचांनी उंच, वजन सव्वाशे किलोच्या वर. करूसो पंच्याऐंशीच्या आत. तो योकिचच्या समोर उभा राहून चेंडू त्याच्या हातात पडूच देईना, मागून साथीदार मदतीला. ड्राफ्टवाल्यांचं गणित म्हणतं, तरुण देऊन म्हातारा घेऊ नये. थंडर १२५-९३ जिंकले.

संघ घडवणाऱ्यांना इथेच सर्वांत जास्त अडखळायला होतं. स्वतः निवडलेल्या पोरावर जीव जडतो. तो चुकीचा ठरला असं कबूल करायला नको वाटतं, म्हणून आणखी एक वर्ष थांबतात, आणि त्या वर्षात त्याची किंमत उतरते. गिडी वाईट खेळाडू नाही. शिकागोत त्याचं चांगलं चाललं. तो या संघात बसत नव्हता, इतकंच.

विजेत्या संघातले बाकीचेही पाहण्यासारखे आहेत. लू डॉर्ट ड्राफ्ट न झालेला. आरन विगिन्स पंचावन्नाव्या क्रमांकाचा. आयझाया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. केनरिक विल्यम्स ॲडम्सच्या सौद्यात जवळजवळ भर म्हणून आला. केसन वॉलेससाठी बाराव्यावरून दहाव्या क्रमांकावर सरकताना डॅलसचा एक नकोसा करार अंगावर घेतला. या संघाने ६८ सामने जिंकले, सामन्यामागे १२.९ गुणांच्या सरासरी फरकाने, जो लीगचा विक्रम आहे. १९७७ च्या पोर्टलंडनंतरचा हा सर्वांत तरुण विजेता संघ.

दुसऱ्या बाजूचे दाखले

ट्रेड करणारे सगळे बुडतात असं या प्रकरणावरून कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. टोरंटोने २०१८ मध्ये लाडका डेमार डीरोझन देऊन एकाच वर्षाच्या करारावर उरलेला लेनर्ड घेतला आणि २०१९ चं विजेतेपद मिळवलं. क्लिपर्सनी जॉर्ज घेतला त्याच उन्हाळ्यात लेकर्सनी तीन तरुण खेळाडू आणि पिकांची रास देऊन अँथनी डेव्हिस आणला आणि २०२० मध्ये जिंकले. लेकर्सचा सौदा क्लिपर्सच्या सौद्याइतकाच महाग होता. फरक असा की तिथे लेब्रॉन जेम्स आधीपासून होता, आणि पहिल्याच वर्षी दोघे धडधाकट राहिले. क्लिपर्स त्या वर्षी डेन्व्हरविरुद्ध ३-१ आघाडी घेऊन हरले, पुढच्या वर्षी लेनर्ड पडला, आणि २०२४ मध्ये जॉर्ज करार संपवून चार वर्षांच्या सुमारे २१.२ कोटी डॉलरसाठी फिलाडेल्फियाला गेला. क्लिपर्सच्या हाती काहीच लागलं नाही. २०१६ मध्ये थंडरचं ड्युरंटबाबत झालं होतं तेच.

ड्राफ्टच्या बाजूलाही कबरी कमी नाहीत. सॅक्रामेंटो २००६ नंतर लागोपाठ १६ हंगाम प्लेऑफ्सबाहेर राहिलं, जवळजवळ दरवर्षी वरच्या क्रमांकांतून निवडत राहिलं, आणि २०१८ मध्ये लुका डॉन्चिच समोर असताना दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला. फिलाडेल्फियाने २०१३ पासून ठरवून पराभव सोसले, २०१५-१६ मध्ये तर ८२ पैकी १० सामने जिंकले. जोएल एंबीड मिळाला, पण दुसऱ्या फेरीपलीकडे संघ गेला नाही.

आता इंडियाना. २०१७ मध्ये ज्यांना हसले त्यांचा ओलाडिपो पहिल्याच हंगामात ऑल-स्टार झाला, आणि सबोनिस पुढे दोनदा. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये, सबोनिस ऐन भरात असताना, इंडियानाने त्याला सॅक्रामेंटोला देऊन दुसऱ्याच हंगामात खेळणारा हॅलिबर्टन घेतला. सोळा वर्षांच्या दुष्काळाने घायकुतीला आलेल्या सॅक्रामेंटोला लगेच प्लेऑफ्स हवे होते, आणि ते त्यांना पुढच्याच वर्षी मिळालेही. इंडियानाला अंतिम फेरी मिळाली. सातव्या सामन्यात पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला नसता तर निकाल काय लागला असता, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही.

थंडरने जॉर्जचा आणि इंडियानाने सबोनिसचा केलेला, या दोन्ही सौद्यांत देणाऱ्याने खेळाडू दिला तो त्याच्या करारात वर्षं शिल्लक असताना किंवा किमान बाजारात मागणी असताना, घेतला तो स्वस्त करारातला तरुण, आणि गिऱ्हाईक निवडलं ते ज्याला थांबणं शक्य नव्हतं. थंडरच्या सौद्यात त्यावर गिऱ्हाइकाच्या भवितव्याचे पिकही आले. इंडियानाने तर मुद्दाम तळ गाठण्याचा मार्गही धरला नाही.

जुलै २०२५ मध्ये थंडरने गिल्जस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि होल्मग्रेन या तिघांचेही करार वाढवले. पहिल्याचा चार वर्षांचा सुमारे २८.५ कोटी डॉलरचा, बाकी दोघांचे पाच-पाच वर्षांचे, प्रत्येकी २५ ते सुमारे २९ कोटींपर्यंत जाऊ शकणारे. २०२६-२७ पासून विल्यम्स आणि होल्मग्रेनचा स्वस्त पगार संपतो. हार्टेनस्टाइन आणि डॉर्टला त्या हंगामासाठी ठेवायचं की नाही, हा पर्याय करारानुसार संघाच्या हातात होता, आणि २०१२ च्या मानाने पगाराचे नियम आज कितीतरी कडक आहेत. जॉर्जच्या सौद्यातला शेवटचा चेक, क्लिपर्सचा २०२६ चा पिक, विजेतेपदाच्या रात्रीपर्यंत वटायचा बाकी होता.